ती ‘चार’ म्हणेपर्यंत

त्याने डाव्या बोटाने पॅडल ओढलं आणि गाडीने नकार दिला. टुंग, एवढाच आवाज. काचेमागच्या कारकुनाने मान वर न करता ‘आज होणार नाही’ म्हणावं, तसा.

*

प्लास्टरचा डबा. कोरड्या पांढऱ्या भुकटीत मनगटापर्यंत हात घातला की तळाशी किल्ली लागते.

*

दूध उतू जात होतं आणि ती शेगडीसमोर उभी राहून दुधाकडेच बघत होती.

*

एक, तीन, पाच उजव्या मुठीत. दोन, चार, सहा डाव्या.

*

कवळी पाण्यात ठेवायची. कोरडी पडली की तिचा आकार बदलतो आणि मग ज्याची आहे त्यालाच ती बसत नाही.

*

“आणि मग साहेब म्हणाले—”

*

“ज्याला झटका येतो त्याला तो आल्याचं कळतंच असं नाही,” डॉक्टर म्हणाले होते. हातातलं पेन त्यांनी तिच्यावरून त्याच्याकडे वळवलं. “म्हणून पुढच्या वेळी मी यांना विचारणार.”

*

“दोन,” ती म्हणाली.

त्याने उजव्या बोटाने स्टिअरिंगमागचं पॅडल स्वतःकडे ओढलं. गाडीने ऐकलं. समोरच्या काचेखाली एकचा दोन झाला. गल्लीच्या तोंडावर औषधांच्या दुकानाचं शटर अर्धंच वर गेलं होतं आणि खाली झाडू मारणाऱ्याचे नुसते पाय दिसत होते.

“तीन. अरे, तीन! पत्र पाठवू का?”

“ओढतोय ना.”

“ओढतोय नाही. ओढलं, असं म्हणता आलं पाहिजे.”

ती शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसली होती. पट्टा बांधलेला, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. अंगात गडद निळा शर्ट, खिशावर कंपनीचं चिन्ह. ट्रॅकवर जाताना घालायची तो. इतके महिने तो कपाटात हँगरला होता. आज सकाळी तिने तो काढला, दोनदा इस्त्री केला आणि घातला. दवाखान्यात जायला कंपनीचा शर्ट कशाला, हे त्याने विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

गाड्या बनवणाऱ्या कंपनीचा शहराबाहेर एक ट्रॅक होता. नवे गिअरबॉक्स तिथे यायचे आणि ती ते चालवून बघायची. सकाळपासून गोल गोल. कुठे अडखळतो, कुठे गचका देतो, कुठे दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना कण्हतो, हे तिला आकड्यांआधी कानाला कळायचं. यंत्रं तेच नंतर सांगायची. ट्रॅकवर तिला ‘कानवाली’च म्हणत. तो कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे पाठवत आणि तो ते प्लास्टरमध्ये ओतून त्यावर मेणात दात रचायचा. त्यांच्या लग्नात तिचे काका म्हणाले होते, “कानवाली आणि दातवाला! घशाचा एखादा डॉक्टर जावई मिळाला की आपल्या घरातच दवाखाना.”

गेल्या वर्षापर्यंत त्याने स्कूटरपलीकडे काही चालवलं नव्हतं. ही गाडी तिची. तिने निवडलेली, तिच्या पगाराची, दोन क्लचच्या गिअरबॉक्सची. तो शेजारी बसायचा आणि वळणं सुरू व्हायच्या आत पेंगायचा. तिच्या शेजारी त्याला फार छान झोप लागायची.

“चार,” ती म्हणाली. “हं. आता कसं लोण्यासारखं गेलं.”

*

पहिला झटका घरात आला, सुट्टीच्या दिवशी, दिवसाढवळ्या. ती खुर्चीवर बसून बूट पुसत होती. खुर्चीचा आवाज आला म्हणून तो आतून धावत आला, तेव्हा ती जमिनीवर होती आणि तिचं सगळं अंग एका लयीत हलत होतं. तो दातांचा माणूस. त्याचं सगळं लक्ष तिच्या आवळलेल्या जबड्याकडे गेलं आणि जीभ चावेल म्हणून त्याने स्वतःचं बोट मध्ये घातलं. तसं करायचं नसतं, कुशीवर वळवायचं आणि थांबायचं, हे त्याला नंतर दवाखान्यात सांगितलं गेलं. बोटाला टाके पडले.

डाव्या हाताचं दुसरं बोट. जखम भरली तरी तिच्या वरच्या दोन दातांची कमान पेरावर राहिली. उजवा दात किंचित पुढे, जन्मापासून तसा. हजार ठशांतून त्याने तो ओळखला असता.

कंपनीने तिला ट्रॅकवरून काढून टेबलावर बसवलं. दुसऱ्यांनी चालवलेल्या गाड्यांचे अहवाल नीट करायचं काम. टेबल खिडकीपाशी होतं. खिडकीतून ट्रॅक दिसायचा नाही, पण ऐकू यायचा. “आज दिवसभर एकजण तिसऱ्यात रडवत होता बिचारीला,” ती घरी येऊन सांगायची. बिचारी म्हणजे गाडी.

साहेब चांगला माणूस होता. त्याने तिची जागा धरून ठेवली होती. “अर्धं वर्ष काही झालं नाही, असा डॉक्टरांचा कागद आण. दुसऱ्या दिवशी तुझी किल्ली तुला. नाहीतर मला दुसरं माणूस बघावं लागेल बघ. माझाही नाइलाज आहे.”

आज ते अर्धं वर्ष पुरं होत होतं.

*

शिकवलं तिनेच. त्याच्या कामाच्या खोलीत, मेणाचा दिवा बाजूला सारून, तिने दोन्ही मुठी त्याच्या समोर धरल्या.

“जुन्या गाडीत क्लच एकच. गिअर बदलताना मध्ये एक क्षण असा येतो की इंजिन एकीकडे, चाकं दुसरीकडे, कुणाचं कुणाशी काही नातं नाही. गाडी तेवढा वेळ नुसती घरंगळते. यात दोन क्लच. ही मूठ एक, तीन, पाच. ही दोन, चार, सहा. तू तिसऱ्यात असतोस, तेव्हाच हिने चौथा धरून ठेवलेला असतो. ही सोडते त्याच वेळी ही पकडते. मध्ये रिकामं काही राहतच नाही.”

“आणि मला चौथा नकोच असेल तर?”

“मग तिचा अंदाज चुकला. मग धावपळ होते बिचारीची. अडखळते.”

“तुमच्याकडे गाडी सोडून दुसरं कुणी बिचारं नसतं का गं?”

“तू आहेस की.” मग तिने त्याच्या समोर हवेत स्टिअरिंग धरलं आणि बोटं हलवली. “उजवं ओढलं की वर, डावं ओढलं की खाली. पण एक लक्षात ठेव, पॅडल म्हणजे हुकूम नाही. विनंती आहे. तिला पटलं तर ऐकेल. नाही पटलं तर टुंग.”

“तुझ्या आईसारखं.”

“आई टुंगवर थांबते का?”

आई टुंगवर थांबत नसे. झटक्यानंतर आठवड्याभरात तिचा फोन आला होता, लेकीला नव्हे, जावयाला. “जावईबापू, दुसरी किल्ली लपवून ठेवा. ती लहानपणापासून अशीच. उठेल आणि जाईल. तुम्ही पडलात गरीब, तुम्हाला कळायचंसुद्धा नाही.” त्याने किल्ली प्लास्टरच्या डब्यात पुरली. दोन दिवसांनी जेवताना ती म्हणाली, “डब्यात पाणी सांडू देऊ नकोस. माझी किल्ली दगडात जाईल.” आणि भाजी वाढून घेतली. किल्ली तिने काढली नाही. जिथे होती तिथेच राहू दिली. तिने आरडाओरडा केला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

आकड्यांचा खेळही तिचाच. तो चालवायला लागला त्या पहिल्या दिवशीच तिने तो काढला. गिअरचा दांडा बाजूला सारून गाडी हाती घ्यायची, म्हणजे गाडी स्वतःहून गिअर बदलत नाही, अगदी अंगावर आल्याशिवाय. मग ती डोळे मिटून ऐकणार आणि आकडा सांगणार, तो पॅडल ओढणार. तिने सांगितल्याशिवाय ओढायचं नाही. “कान गंजायला नको,” ती म्हणाली होती. बाजारात, आईकडे, रक्त तपासायला, सगळीकडे ते दोघं असेच जायचे. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, नवरा गाडी चालवतोय आणि बायको शेजारी बसून पाढे म्हणतेय.

*

दुधाचं असं झालं. तो खोलीतून बाहेर आला तेव्हा दूध पातेल्याच्या कडेवरून उतरून शेगडीवर चरचरत होतं आणि ती हातभर अंतरावर उभी होती. त्याने पुढे होऊन गॅस बंद केला. मग ती म्हणाली, “अय्या!”

“लक्ष कुठे होतं?”

“विचार करत होते.”

“कसला?”

“दूध तुझंही उतू गेलंय याआधी. तेव्हा मी तुझी उलटतपासणी घेतली होती का?”

ते खरं होतं. त्याचंही दूध उतू गेलं होतं. सगळ्या जगाचं जातं. त्याने ओला फडका घेऊन शेगडी पुसली. नवीन कवळी नीट बसते का ते बघायला त्याच्याकडे एक पातळ निळा कागद असतो. तोंडात धरून चावायला लावलं की जिथे टेकतं तिथे निळा ठिपका उमटतो आणि जिथे टेकत नाही तिथे काहीच नाही. भांडण मिटतं. विचारात उभं राहणं आणि नुसतं उभं राहणं यांच्यामध्ये धरायला तसला कागद त्याच्या खोलीत नव्हता.

*

“दोन,” ती म्हणाली. सिग्नल सुटला होता. “तीन.”

दवाखाना नदीच्या पलीकडे होता. वस्ती मागे पडली, दोन्ही बाजूंना गोदामं लागली आणि समोर पुलाचा चढ दिसायला लागला. तिने डोळे उघडले. आज ती खुशीत होती. सकाळी निघताना तिनेच डब्यातून किल्ली काढायला लावली होती. “दोन्ही घे. येताना मी चालवणार.” गाडी सुरू व्हायच्या आधी तिने केसातली पिन काढून किल्लीच्या खाचेतलं प्लास्टर कोरलं होतं आणि मग किल्ली पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकून चेन लावली होती.

“तुला साहेबांची गंमत सांगितली का?”

“कुठली?”

“अरे, तुझ्या कवळीची! परवा नवी कवळी घालून आले. तूच केलेली. सगळ्यांना हसून दाखवत होते. मग म्हणाले, चला, आज नवा गिअरबॉक्स मी स्वतः बसून बघतो. मागे बसले. मी पुढे, लिहून घ्यायला. नव्या ड्रायव्हरला काय हुक्की आली कोण जाणे, त्याने गाडी थेट खडबडीत पट्ट्यावर घातली. धडधडधडधड! मी मागे वळून बघितलं तर साहेबांनी दोन्ही हातांनी तोंड धरलेलं. असं. डोळे एवढाले. मला हसू आवरेना. पट्टा संपला, गाडी थांबली, तोंडावरचे हात काढले, आणि मग साहेब म्हणाले—”

तो आधीच हसायला लागला होता. पुलाचा चढ सुरू झाला होता, गाडी तिसऱ्यात होती, आणि त्याचं उजवं बोट पॅडलवर टेकून तयार होतं. आता ‘चार’ येणार होता. साहेब काय म्हणाले तेही येणार होतं. यातलं आधी काय येईल, एवढाच प्रश्न होता.

काहीच आलं नाही.

इंजिनचा आवाज छातीतून घशात आला, घशातून नाकात. काटा लालाकडे सरकत होता. गोष्ट रंगवायला ती अशी मध्येच थांबते हे त्याला माहीत होतं, म्हणून तो अजून हसत होता. हसता हसता त्याने तिच्याकडे पाहिलं.

तिचे डोळे उघडे होते आणि ती समोर रस्त्याकडे बघत होती. भिंतीकडे बघतात तसं. तोंड हलत होतं. ती काहीतरी चघळत होती आणि तिच्या तोंडात काही नव्हतं. उजव्या हाताचा अंगठा पर्सच्या चेनवरून पुढे जायचा, मागे यायचा. पुढे, मागे.

“अगं.”

अंगठा पुढे, मागे.

“अगं, साहेब काय म्हणाले?”

गाडी हळू करायची म्हणून त्याने डावं पॅडल ओढलं. टुंग. पुन्हा ओढलं, त्याच चावलेल्या बोटाने, अधिक जोरात, जणू जोराचा काही उपयोग असतो. टुंग. एवढ्या वेगात खालचा गिअर द्यायला गाडी तयार नव्हती आणि तिचं बरोबर होतं. त्याने पाय उचलायला हवा होता, पण पायाचं त्याला सुचलंच नाही. काटा लालात शिरला. मग कुणाला न विचारता गाडीने स्वतःच चौथा टाकला.

मागून ट्रकने हॉर्न दिला. बाजूला कठडा होता, कठड्याला लागून पिवळी रेघ, आणि रेघेला लागून ते दोघं. उभं राहायला टीचभर जागा नव्हती. त्याने एक हात स्टिअरिंगवरून काढून तिच्या हातावर ठेवला. तिचा हात गरम होता. त्याने धरला तरी तो त्याला धरत नव्हता, तो आपलं काम करत राहिला, चेनवरून पुढे, मागे. कुशीवर वळवायचं आणि थांबायचं, असं सांगितलं होतं. बसलेल्या माणसाला, पट्टा बांधलेल्या माणसाला, पुलावर, कुठल्या कुशीवर वळवायचं ते सांगितलं नव्हतं.

त्याने पाच टाकला. मग सहा. कुणी न सांगता. गाडी इतकी शांत धावायला लागली की तिच्या चघळण्याचा आवाज त्याला ऐकू यायला लागला. दाढांचा. उजव्या बाजूच्या. ती नेहमी उजवीकडेच चावते.

खाली नदीत पाणी फार नव्हतं. पूल मात्र संपत नव्हता.

उतार लागला, तेव्हा पुढे रस्त्याकडेला मोकळी जागा दिसली. टायर दुरुस्त करणाऱ्याची टपरी, टायरांचा ढीग, एक बाई पिंपातल्या पाण्याने चूळ भरत उभी. तीन गाड्या सहज थांबतील एवढी जागा. त्याने इंडिकेटर दिला. टिक टिक टिक टिक.

“चार,” ती म्हणाली.

गाडी सहाव्यात होती.

काय करायचं ते त्याने ठरवलं नाही. बोटाने ठरवलं. त्याने ब्रेकवर हलका पाय दिला, डावं पॅडल ओढलं आणि पुन्हा ओढलं. पाच. चार. या वेळी गाडीने दोन्ही विनंत्या एका शब्दानेही न बोलता मान्य केल्या. इंजिनचा आवाज वर चढला, जिथे तो असायला हवा होता तिथे.

“किती वेळ लावतोस! झोपलास काय?” तिचा आवाज जाड झाला होता, नुकतंच काही गिळल्यासारखा. “आणि हा इंडिकेटर कशाला? कुठे वळायचंय?”

चूळ भरणाऱ्या बाईने गाडीकडे पाहिलं. टायरांचा ढीग खिडकीतून मागे गेला. मोकळी जागा संपत आली, संपली.

त्याने इंडिकेटर बंद केला. “चुकून लागला.”

“पूल गेला?”

“गेला.”

“बघ, कळलंसुद्धा नाही.” तिने त्याच्या खांद्यावर थोपटलं. “बसली हं गाडी तुझ्या हातात. आता माझी गरज नाही.”

तो रस्त्याकडे बघत होता. मग म्हणाला, “मग साहेब काय म्हणाले?”

“कधी?”

“कवळीचं. तोंडावरचे हात काढल्यावर.”

“सांगितलं की आत्ता.” तिने त्याच्याकडे वळून बघितलं. “सांगितलं ना?”

“हो. हो, सांगितलंस.”

“तुझं लक्ष कुठे असतं रे! पाच.”

त्याने पाच टाकला. दवाखान्यापर्यंत त्याने तिचा एकही आकडा चुकवला नाही. ‘चार’मधला ‘चा’ निघायच्या आत त्याचं बोट हललेलं असायचं.

गाडी लावल्यावर तिने खाली उतरून शर्टाच्या चुण्या सरळ केल्या आणि गाडीच्या टपावर दोनदा थाप मारली.

“एकदाही बाजूला घ्यावी लागली नाही बघ,” ती म्हणाली.

“नाही,” तो म्हणाला.

*

बाहेर बाकावर बसले तेव्हा समोरच्या टेबलावर मेंदूचा प्लास्टिकचा नमुना होता, दोन अर्ध्यांचा, मध्ये लोहचुंबकाने जोडलेला. कुणीतरी तो वाकडा बसवला होता. त्याने तो उचलला, उघडला, पुन्हा जोडला, खिडकीच्या उजेडात धरून मधली फट बघितली, पुन्हा उघडला.

“ठेव ते,” ती हळूच म्हणाली. “कवळी नाही ती.”

शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला हसू आलं. त्याने नमुना ठेवून दिला. फट होतीच.

*

डॉक्टरांनी रक्ताचे आकडे बघितले आणि मान डोलावली. मग मेंदूचा आलेख काढून टेबलावर पसरला. “छान आहे. पण हा वीस मिनिटांचा आलेख त्या वीस मिनिटांचंच सांगतो. उरलेल्या वेळेचं घरच्यांनी सांगायचं.”

“विचारा ना,” ती म्हणाली. पाठ ताठ, हात पर्सवर. “आज येतानाचंच विचारा. सगळी वाट मी डोळे मिटून गिअर सांगत होते आणि हा टाकत होता. एकदासुद्धा गाडी बाजूला घ्यावी लागली नाही. विचारा याला.”

“वा,” डॉक्टर म्हणाले. त्यांना त्यातलं काही कळलं नव्हतं. त्यांनी पेन त्याच्याकडे वळवलं. “काय हो? एकटक बघत राहणं, बोलता बोलता मध्येच थांबणं, हाताचा चाळा, असं काही? घरी किंवा बाहेर?”

‘नाही’ तयार होतं. पुलाच्या उतारापासून त्याने ते धरून ठेवलं होतं, नुसतं सोडायचं होतं. तो तिच्या शर्टाच्या खिशाकडे बघत होता. दोनदा इस्त्री केल्याने तिथलं चिन्ह थोडं चकाकत होतं. टेबलाखाली तिचा उजवा पाय टाचेवर टेकून पुढे किंचित दाबलेला होता. ती कुठेही बसली तरी तिचा पाय तसाच असतो.

त्याचा अंगठा चावलेल्या बोटाच्या पेरावर फिरला. उजवा दात किंचित पुढे.

“पूल उतरल्यावर गाडी बाजूला घ्यायला हवी होती,” तो म्हणाला. “जागा होती. मी घेतली नाही.”

“का? गाडीत काही बिघाड?” डॉक्टरांनी विचारलं.

तिचा अंगठा पर्सच्या चेनवर गेला. पुढे सरकला, आणि तो खुर्चीतून अर्धा उठला. पण तिने नुसती चेन उघडली होती. तिने आतून किल्ली काढली. इतकं कोरूनही खाचेत पांढरं राहिलंच होतं. तिने ती टेबलावर ठेवली आणि एका बोटाने त्याच्या बाजूला सरकवली.

“मी चार म्हटलं तेव्हा गाडी कितव्यात होती?”

“सहाव्यात.”

“म्हणजे आख्खा पूल.”

तिने मान हलवली, हळूच, दोनदा. एखाद्या गिअरबॉक्सचा दोष नक्की कुठे आहे ते सापडल्यावर ट्रॅकवर हलवत असेल तशी.

“त्या वेळेचं काय ते लिहून घ्या, डॉक्टर,” ती म्हणाली. “हा सांगेल. मला माहीत नाही.”

*

आकड्यांच्या खेळाला नियम एकच होता. तो तिनेच सांगितला होता, पहिल्या दिवशी, शेजारच्या सीटवर बसून पट्टा बांधता बांधता: मी आकडे सांगायची थांबले, की तू गाडी बाजूला घ्यायची.